ताण

दिवाळ्याच्या जेट्टीवर सकाळी साडेसहाला
आम्ही पाच जण, पाच विभागांचे,
एकाच रंगाचे गमबूट घालून.
माझा डावा आठ नंबरचा, उजवा नऊ.

सहा आठवड्यांचं सामाईक प्रशिक्षण.
पाचांत मिळून एकच वही,
आणि अट एवढीच : दुसऱ्याला कळेल असं लिहा.

मी लिहिलं, ताण : बल भागिले क्षेत्रफळ.
पुढे एकक. वाटलं, झालं.
सुलक्षणा खरातनं माझ्या ओळीखाली
तिवराचं पान चिकटवलं, मिठाचे कण वर ठेवून.
"हाही ताणच. भागत बसू नकोस, चाटून बघ."

चाटलं.
पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात
माझ्या एखाद्या संज्ञेला चव आली.

ती जालन्याकडची. म्हणाली, आमच्याकडे मोसंबीचं
पाणी तोडतात, पानं पिवळी पडेपर्यंत,
मग सोडतात, मग बहर फुटतो.
त्यालाही ताण देणंच म्हणतात.
झुबेर तांबोळी, संख्याशास्त्र, लगेच :
"किती झाडांना? आणि न दिलेली किती?"
आम्ही हसलो. तिनं मात्र रात्री मामांना फोन केला.
वहीत नोंद आहे :
न दिलेली चार. बांधापलीकडची. विसरलेली.

मग गाळात माझा संवेदक.
मीच बांधलेला, प्रयोगशाळेत अगदी बिनचूक.
ओहोटी लागली तसे आकडे उड्या मारू लागले.
गोंगाट, म्हणत मी पुसायला घेतले
तर होडीतून पद्माकर कोळी, इकडे न बघताच,
"पुसू नको. खेकरा हाय तो."

झुबेरनं गोंगाटाला वेगळा रंग दिला.
सुलक्षणा गुडघाभर चिखलात बिळं मोजत राहिली.
मी काय करावं, सुचेना.
पद्माकरकाकांनी जाळ्याची दोरी माझ्या हातात दिली :
"वढू नको. सोरू बी नको. नुसती धर."

धरली.
खाडी तळव्यात येऊन जात होती.
याचं एकक काय, विचारणार होतो,
कुणाला विचारायचं ते ठरेना.

काल गाईडनी वही उलटून पाहिली.
"प्रबंधात हे कुठे बसणार?"
मी म्हटलं, बघतो.

पान काळं पडलंय. मीठ दमट हवेत पाझरून
वरच्या ओळीत शिरलंय.
बल वाचता येतं अजून.
क्षेत्रफळ पसरलंय.