दिवसाचे शहाण्णव ठोके

आमच्या विट्याच्या उपविभागात
सर्व्हरसाठी वेगळी खोली नाही.
जुन्या तक्रार-खिडकीमागं, जिथं पूर्वी
फ्यूजच्या तारेची भेंडोळी पडलेली असायची,
तिथंच तो गुणगुणतो, एका टेबलफॅनच्या भरवशावर,
दर पंधरा मिनिटांनी गावाची नाडी धरून.
दिवसाचे शहाण्णव ठोके.
मीटर नऊ हजार चारशे.

एवढं वाचणार कोण, असं मला वाटायचं.

मग मिरजेहून अफसाना मुजावर आली,
पीएच.डी. करणारी, पाठीवर सॅक,
हातात मुख्य कार्यालयाचं पत्र.
खाली तीन सह्या, आणि एका ओळीला लाल शाई:
नावं द्यायची नाहीत. पत्ते द्यायचे नाहीत.

दोन दिवस मी नावं पुसत होतो.
रकाना निवडायचा, डिलीट दाबायचं, क्षणाचं काम.
पण मी आधी वाचत बसलो.
चोथे, तारळेकर, म्हेत्रे, शेख, रोकडे...
एकेकाला उठवून त्याच्या जागी आकडा ठेवला,
चपलांच्या स्टँडवर बिल्ला देतात तसा.

हार्डडिस्क हातावर ठेवली तेव्हा ती म्हणाली,
"एवढीशीच?"
एवढंसंच. सगळं गाव.

पहिला आलेख तिनं इथंच बसून काढला.
सकाळी सातला माग सुरू होतात, तिथं उभी भिंत.
दुपारी भाकरीएवढी खाच.
"हे चारशे मीटर बिघडलेत," ती म्हणाली,
"वर्षभर शून्य, आणि मधेच चार दिवस उसळी."
मी हसलो. बिघडलेले नाहीत, बाई.
ती घरं सोनं गाळायला गेलीत,
कोइम्बतूरला, जालंधरला, एक तर पार आसामात.
दिवाळीला येतात, झुंबर लावतात,
फ्रीजमध्ये बर्फ धरेपर्यंत पुन्हा कुलूप.
तिनं वहीत लिहिलं: शून्य म्हणजे बिघाड नव्हे.
खाली दोन रेघा मारल्या.

मग तिनं दोनशे सतरा विचारला.

सगळं गाव तळाला टेकतं तेव्हाही
ही एकच रेघ जागी,
साडेतीनशे वॅट, हलत नाही, डुलत नाही,
थेट कोंबडं आरवेपर्यंत.
"काय असेल हे?"

मला माहीत होतं.
ते यंत्र जिन्यावरून चढवताना एक हात माझाही होता,
चाकांचं, ऑक्सिजनचं,
चाळीस वर्षं मागाची रुई छातीत साठवलेल्या माणसासाठी.
त्याची सून बिल भरायला येते, सुटे पैसे मोजते,
आणि दरवेळी एकच विचारते:
शुक्रवारी लाइट किती वाजता घालवणार?

मी म्हणालो, "आकड्याचं काय सांगायचं. नाव तर पुसलंय."
ती माझ्याकडं बघत राहिली.
मग तिनं गार झालेला चहा संपवला.

आता फाईल दर महिन्याला आपोआप जाते.
तिच्या आलेखावरून शुक्रवारची दुरुस्ती
एका दमात न करता गल्लीगल्लीनं होते,
आमचे वायरमन त्यासाठी तिला शिव्या घालतात,
दुप्पट खांब चढावे लागतात म्हणून.

फेब्रुवारीत तिचा फोन आला.
"दोनशे सतरा," म्हणाली, आणि थांबली.
"मंगळवारपासून रात्रीची रेघ नाहीये.
मीटर बिघडलाय का?"

खिडकीपलीकडं माग चालू होते.
मी म्हणालो, नाही.

कीबोर्डचा आवाज आला नाही.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"ती ओळ मी काढणार नाही.
राहू दे, रिकाम्या रात्रींसकट."

फोन ठेवला. जावक रजिस्टर उघडलं,
तारीख घातली, क्रमांक घातला,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
माहिती दिली.
नाव सांगितलं नाही.