चॅनल तीन

कॅमेरा उंच लावला की घरमालकाला बरं वाटतं.
कुणाचा हात पोचत नाही म्हणतात.
चेहराही पोचत नाही हे नंतर कळतं,
टाळूवरचं टक्कल तेवढं स्वच्छ येतं.

निवतीला, कुबलांच्या घरी, तो मी लावलेला नव्हता,
हे आधीच सांगतो.
मुलगा जहाजावर. चार कॅमेऱ्यांचा सेट त्याने तिकडूनच मागवला
आणि कुणा वायरमनने माडाच्या उंचीवर ठोकून दिला.

होडीचं इंजिन गेलं, पडवीतून.
ताडपत्री जागेवर. दोरी जागेवर.
गाठसुद्धा परत मारलेली, नीट.
हवालदार म्हणाला, फुटेज आणा. वापरण्याजोगं.

चॅनल एक: झावळी. रात्रभर झावळी.
ती हलली की लाल टिंब, टिंब आलं की रेकॉर्डिंग,
अर्धी डिस्क म्हणजे एका माडाचं चरित्र.
चॅनल दोन बंद. जॅक हातात घेतला तर हिरवा भुगा झाला,
खाऱ्या वाऱ्याने आतलं तांबं कधीच खाल्लेलं.
चार विहिरीकडे, त्याची वायर घुशीने.
चॅनल तीन: कोळी.
काचेवर जाळं, रात्रीचा न दिसणारा उजेड
जाळ्यावर आपटून माघारी, सगळं पांढरंफेक,
आणि त्यात आठ पाय, म्हशीएवढे.
तारीख: एक जानेवारी, दोन हजार.

"म्हणजे ह्यां चोरीच्या आदीचां?" शेवंतीकाकींनी विचारलं.
घड्याळाचा सेल गेलाय, म्हटलं.
वीज गेली की याचं शतक पहिल्यापासून सुरू होतं.

मग हिशोब. देवळातली आरती संपताना लाईट आली,
असं शेजारचा पोरगा म्हणाला. तिथून मोजत मोजत
पहाटे तीन चाळीसच्या आसपास
कोळ्यामागून माणूस गेला.

त्रेचाळीस सेकंद.
चेहरा नाही. शर्टाचा रंग नाही,
रात्री सगळेच शर्ट राखाडी.
खांद्यावर जड काही, आणि चाल:
उजवा पाय टाकताना जरा थबकणारी,
जणू वाळूला आधी विचारून घेतोय.

"परत लाव."
लावलं.
"परत."
तिसऱ्या वेळी काकी पडद्याकडे बघतच नव्हत्या.
"माका काय दिसणा नाय," म्हणाल्या.
आणि बऱ्याच वेळाने, कप विसळता विसळता,
"किती दिस रवता तां ह्येच्यात?"
नऊ. मग जुन्यावर नवं चढतं.
"आपोआप?"
आपोआप.
"मगे रवांदे."

पण घेतलं काम ते काम.
कॅमेरा खाली आणला, चौकटीच्या हातभर वर.
झावळी बाहेर काढली, जॅकला ग्रीस, डबीला सिलिकॉन,
काच माझ्या चष्म्याच्या फडक्याने.
कोळ्याला झाडूच्या टोकावर घेऊन करवंदीत ठेवला.
चाचणीसाठी काकींना फाटकापासून चालत यायला सांगितलं.
सगळं आलं. ब्लाऊजला टोचलेली सेफ्टी पिनसुद्धा.
बघून म्हणाल्या, "आता कोण येतलो हय?"

हवालदार दहाव्या दिवशी आला, पेनड्राइव्ह घेऊन.
त्याला मिळालं एक मांजर, कुत्र्यांची एक वरात,
आणि स्वच्छ, ठळक, तारीखवेळेसकट
कुणी नसलेली पडवी.

एक सांगायचं राहिलं.
ते त्रेचाळीस सेकंद मी पहिल्याच दिवशी
मोबाईलमध्ये उतरवून घेतले होते. धंद्याची सवय.
अजून आहेत, भाचीच्या बारशाचे फोटो
आणि केबलचं एक बिल, यांच्या मधे.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर लिलावाला सगळे माशांकडे बघतात,
मी पायांकडे.
परवा एकजण टोपली खांद्यावर घेऊन गेला,
उजवा पाय टाकताना...

मी वळून सुरमईचा भाव विचारला.