शेजारचा माग

यंत्रमागाच्या शेडमध्ये प्रार्थना ऐकू येत नाही,
स्वतःचीसुद्धा.
चोवीस माग एकदम खडखडतात तेव्हा
ओठ हलतात एवढंच,
आणि पलीकडची नागम्मा ओठांवरून ओळखते
की मी पाणी मागितलं नाही,
देवाला हाक मारली.

बावीस वर्षं कांड्या भरल्या मी, अक्कलकोट रोडला.
डावा कान गेला, उजवा जायच्या वाटेवर.
रविवारी मंडळीत पाळकसाहेब बोलतात
ते कापसाच्या गाठीआडून आल्यासारखं येतं.
गाणं मात्र कळतं:
पेटीचा खालचा सूर बाकाच्या लाकडातून
मांडीला लागतो.

यादगिरीची तीन बोटं गेली तो मंगळवार.
पट्ट्यावरची जाळी महिनाभर जागेवर नव्हती
हे सगळ्यांना माहीत होतं,
भिंतीवरच्या पालीलाही.
सांगायचं कोणी?

शेठचा माणूस घरी आला.
चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश.
म्हणाला, मार्थाबाई, तुम्ही तर देवाची माणसं,
क्षमा करायची असते ना तुमच्यात?
आणि उंबरा ओलांडताना
माझ्या नातीच्या शाळेचं नाव
त्यानं सहज घेतलं.

त्या रात्री गुडघे टेकले.
वैशाख, लाईट गेलेली,
फरशी भाकरी काढल्यावरच्या तव्यासारखी.
म्हटलं, प्रभू, एक शब्द दे.
शब्द आला नाही.
म्हटलं, बरं, भीती तरी घेऊन जा.
तीही नेली नाही.
मग मला रागच आला.
म्हटलं, काही देत नसशील
तर निदान बस इथे.

आता कसं सांगू.
शेजारचा माग चालू आहे की बंद
हे आम्ही कानानं ओळखत नाही.
तळव्यांना कळतं.
एवढ्या गदारोळात एक माग थांबला
तरी पायाखालची जमीन वेगळी होते.
तसंच काहीतरी.
कोणी बोललं नाही,
पडदासुद्धा हलला नाही,
पण फरशीला माहीत होतं
की खोलीत मी एकटी नाही.

सकाळी रिक्षात चेपून बसलो तिघं:
एका कडेला भीती,
मध्ये मी,
दुसऱ्या कडेला तो.
रिक्षावाल्यानं भाडं एकाचंच घेतलं.

कामगार कार्यालयात साहेबांनी विचारलं, नाव?
मार्था प्रभाकर साळवे, मी म्हटलं,
आणि टाईप करणारा मुलगा दचकला,
खिडकीतलं कबूतर उडालं.
हळू बोला बाई, साहेब म्हणाले.
मागावरच्या बाईला हळू बोलणं
कधी परवडलेलंच नसतं.

सांगितलं मी.
जाळी. महिना. मंगळवार.
बोटं मीच उचलली होती,
रद्दी मालातल्या टॉवेलच्या तुकड्यात,
गुलाबी पट्टा होता त्याला,
तेही सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी.
शेठचा वकील हसत म्हणाला,
यांना तर ऐकू येत नाही,
यांची साक्ष कसली धरता?
मी त्याच्या ओठांकडेच बघत होते.
म्हटलं, दिसतं, साहेब.

हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू.
अंगठा नको, सही करते म्हटलं,
तर माझ्या आडनावातला 'ळ' 
कागदाबाहेर गेला.

निकाल लागलेला नाही. तारीख मिळाली, पुढची.
काम मात्र दुसऱ्याच दिवशी गेलं.
नातीला शाळेत सोडायला, आणायला
आता मीच जाते, भर उन्हात,
वळणावर मागे बघत.
यादगिरीची आई शेंगाचटणीची पुडी घेऊन आली,
दारातच उभी राहिली,
तेलुगूत थोडी रडली.
ते काही ओठांवरून वाचावं लागत नाही.

दुपारी घर इतकं शांत असतं
की गेलेला कानही वाजतो.
मग चप्पल काढते,
अनवाणी उभी राहते फरशीवर,
डोळे मिटत नाही, हातही जोडत नाही,
नुसती थांबते
तळव्यांना विचारत.

चालू आहे.