पाण्याची पाठ

आमच्या मयुराचा खेळ बघायला
इझमीरहून माणसं आली, मनिलाहून, डरबनहून,
आणि म्हापशाच्या तलावाकाठी बसून
सगळ्यांना दिसली ती फक्त पाण्याची पाठ.

खेळ तळाला चालतो.
सहा पोरी काळ्या टोपीच्या, सहा पांढऱ्या,
हातात वीतभर काठी
आणि फरशीवर सरकणारी शिशाची चकती.
सव्वा किलोची. मी घरी तोलून पाहिली,
जाळ्याला बांधली तर शोभेल.
वरून दिसतं काय? श्वासाच्या नळ्या, वल्ह्यांसारखे पाय,
मधूनच एक घाईचा फुत्कार.

गावात विचारतात, हॉकी, ती पण पाण्याखाली?
मग बघायला काय मासे बसतात?
पहिल्यांदा मीही हेच म्हटलेलं,
आणि तिनं तीन दिवस माझ्याशी अबोला धरलेला.

मोठा पडदा होता, खाली कॅमेरा सोडलेला.
अर्धा खेळ निळा निळा दिसला, बरा दिसला.
मग वीज गेली.
म्हापशाची वीज, तिला जागतिक स्पर्धा काय
आणि शुक्रवारचा बाजार काय.
ऊन तळापर्यंत उतरलेलं, म्हणून पंचानं खेळ थांबवला नाही.
निवेदक मात्र मुका माईक धरून
बंद दुकानाच्या पायरीवर बसल्यासारखा.

शेजारी इझमीरची बाई, नेरिमान,
तिची लेक पांढऱ्या टोपीत.
तिनं हातानंच विचारलं, काय चाललंय?

वीस वर्षं मी वागातोरच्या खडकांवरून शिनाणे काढले.
कमरेला कोयता, छातीत एक श्वास.
वर होडीत धाकटा भाऊ, कुष्टा.
तो पाण्याची पाठ वाचायचा:
बुडबुडे सरळ आले तर ठीक,
तिरके आले तर ओढ आहे,
आलेच नाहीत तर मोजायला लागायचं.
मी नेहमी खालचा.
होडीत बसायची ही पहिलीच वेळ.

तर सांगायला लागलो, माझ्याच भाषेत.
ते बघ, डाव्या कोपऱ्यात पाणी उकळतंय,
चकती भिंतीला दाबून धरलीय.
ही वर आली, पण मान उचलली नाही,
म्हणजे लगेच जाणार.
ती तुझी ना? दमलीय. पाय पसरट पडतायत.
मागच्या रांगेनं माना पुढे काढल्या.
कुणी त्याचं इंग्रजी केलं, कुणी इंग्रजीचं तुर्की,
आणि माझं वाक्य नेरिमानपर्यंत पोचेस्तोवर
पाणी पुढचंच काही बोलून गेलेलं असायचं.

मग मयुरा गेली.
मी बोलायचा थांबलो.
अठरा. एकोणीस.
मागून कुणीतरी म्हणालं, पुढे?
सव्वीस.
एकदा कुष्टानं एकशे चाळीसपर्यंत मोजलं होतं,
ते मी घरात अजून सांगितलेलं नाही.
एकतीस.
बुडबुडा नाही.
नेरिमाननं माझं मनगट धरलं,
भाषांतर न होता तिला कळलं होतं.

अडतीसला घंटा.
पाण्यातून एक हात वर आला, काळी काठी धरलेला,
आणि बऱ्याच वेळानं, मला तरी बऱ्याच वेळानं वाटलं,
त्याच्यामागे डोकं.

चार-एक. हरलो.
आठ क्लबांत आमचा सातवा.
वीज आली तेव्हा पडद्यावर
नुसती फरशी होती, आणि कुणी उचलायची विसरलेली चकती.

मयुरा आली, केसांना क्लोरीनचा वास,
गालांवर चष्म्याचे वळ.
‘पप्पा, माझा गोल दिसला?’
दिसला, म्हटलं.
‘खोटं. पडदा तर बंद होता.’

संध्याकाळी कुष्टाला फोन लावला.
विचारलं, होडीत बसून
तुझा जीव असाच व्हायचा काय रे?

तो म्हणाला, कसा?