वरचं पाणी

सेहेचाळीस पॉइंट दोन.
टीव्हीवर आकडा येतो आणि हेमराज मान डोलावतो,
जणू त्याचाच नंबर लागला.
पारा चढला की त्याचे कॅन वाढतात.
गांधीबागेतले कापडवाले, इतवारीतले किराणावाले,
मस्कासाथमधला तो दातांचा डॉक्टर,
सगळ्यांचे गळे त्याच्या टेम्पोवर टांगलेले.

आणि घरी ही, एक महिना एकवीस दिवसांची,
हिला पाण्याचा थेंब द्यायचा नाही
म्हणून मी हटून बसलेली.

‘साऱ्या बजाराले पाणी पाजतो मी,
अन् माह्याच पोरीले चमचाभर नाही?
लोक काय म्हणतीन व?’

लोक म्हणतच होते.
शेजारच्या कौतिकाबाईंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं,
‘तो पिवळा चीक पिळून टाक, जड असते लेकराले.’
टाकलाही असता.
पाखमोडे सिस्टर पलंगाशी उभी होती म्हणून राहिला.
चार थेंब असतील, हळदीचं बोट धुतल्यासारखे.
‘ही तिची पहिली लस,’ सिस्टर म्हणाली,
‘अन् हे काई दुकानात भेटत नाही.’

सुट्टी झाली तेव्हा मी विचारलं होतं,
पाणी?
‘सहा महिने नाही.’
मे महिन्यातबी?
‘मे महिन्यातबी. दुधातच पाणी असते बाई.
पयली धार पातळ, थे तहानेची.
मागून घट्ट येते, थे भुकेची.
मागन तवा पाज. उन्हाळ्यात जास्त मागन.
अन् लंगोट मोजत जाय.
दिवसाचे सहा ओले, तं पोरगी भरून पावली.’

एवढंच शास्त्र घेऊन मी घरी आले.

मध्ये हेमराजला सर्दी झाली,
बर्फाच्या कॅनांशी खेळून.
मग मला. मग तिची पाळी होती.
तिला आल्या दोन शिंका. बस.
सिस्टर म्हणते, आजार आधी तुझ्या अंगानं ओळखला,
आणि दुधाबरोबर तिला निरोप धाडला.
माझं अंग असलं काही जाणतं,
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
दहावीत विज्ञानात मला अडतीस होते.

काल रात्री लाइट गेली.
कूलर आधी कण्हला, मग गप्प झाला.
वाळ्याचा गार वास हळूहळू कोमट होत गेला
आणि पोरगी रडायला लागली,
कोरडी, रेती घासल्यासारखी.
अंधारात कॅनची तोटी वाजली.
एक बुडबुडा वर गेला, गुडुप.
तो चमचा घेऊन उभा होता, मला दिसत नव्हता,
पण चमचा त्याच्या अंगठीवर किणकिणत होता.

मी नाही म्हणाले नाही.
खरं सांगते, माझाही धीर सुटला होता.
तिचे ओठ मी बोटानं चाचपले.
तिनं बोटच धरलं, सोडलं, डोकं घासत घासत
आपली वाट शोधली,
आणि मग फक्त घोटांचा आवाज.
एक, दोन, थांबून तिसरा.

‘आता याचं काय करू?’ तो म्हणाला.
मले दे.
चमचा दिला. मग गिलास. मग लोटा.
‘किती पेतं व!’
मी त्याचं पीत होते, ती माझं.
लाइट यायला चार वाजले.

सकाळी कूलरसमोरच्या दोरीवर
त्याच्या जुन्या लुंगीचे तुकडे फडफडत होते.
टेम्पोची चावी हातात घेऊन तो त्यांच्यापुढे उभा,
ओठ हलताहेत.
मग त्यानं कॅनची वही काढली.
कापडवाले चार, दातवाला एक,
आणि खाली, पहिल्यांदाच,
घर: सात.

‘निघतो,’ म्हणून तिला क्षणभर मांडीवर घेतलं.
आणि पँट झटकत, शिव्या देत, हसत,
सात खोडून आठ केले.