खेळाडू संख्या: एक

बाहेर उणे एकतीस. अंगणात
स्कूलबसच्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवलीय,
नाहीतर पहाटे ते हूं की चूं करणार नाही.
आत मी. टेबलावर युरोप.
तीन कोपऱ्यांवर मीठदाणी, गोळ्यांची डबी, बशी;
चौथ्यावर गोल्फचा चेंडू ठेवते, पण तो कुठला ठरतोय.
लिस्बनहून निघतो, आल्प्सच्या घडीत जाऊन बसतो.
टेबल लहान पडतं.
पोलंडच्या पुढचा सगळा मुलूख कडेवरून खाली लोंबतो
आणि पणजोबांचं गाव
माझ्या गुडघ्याला टेकतं.
तिथे या वर्षी जाता येणार नाही.
मी गुडघा हलवत नाही.

जूनअखेर शाळा सुटेल. तीन जुलैला एडिंबरा:
एक सकाळ किल्ल्याला, मग समुद्राकाठची मैदानं,
जिथला वारा म्हणे चेंडू मारणाऱ्याकडेच परत आणून देतो.
रात्रीच्या बोटीनं हॉलंड.
ब्रूजला घंटाघर, तीनशे सहासष्ट पायऱ्या
(गुडघ्याला विचारून).
शेवटी पोर्तो, निळ्या फरशांचं स्टेशन,
तिथे नुसतं बाकावर बसायचं, गाडी सुटली तर सुटू दे.

पिशवीचं वजन असं केलं:
आधी काट्यावर मी, मग पिशवीसकट मी,
मग वजाबाकी. सतरा किलो.
एवढं घेऊन अरुंद जिने चढायचे?
चौदातल्या सात काठ्या काढल्या, सोफ्यावर निजवल्या.
थोड्या वेळानं एक परत घेतली.

अडलं ते निराळ्याच ठिकाणी.
फॉर्मवर खेळाडू संख्या: दोन, तीन, चार.
एक नाहीच.
मी हातानं एक लिहिलं, तर चौकट लाल झाली,
जसा काही मी चमचा चोरला.
पत्रं लिहिली. स्कॉटलंडहून उत्तर आलं:
मंगळवारी सव्वासात, छत्री आणू नका, उपयोग नाही.
बेल्जियमहून आलं:
आनंद आहे, पण हँडिकॅपचा दाखला?

आता त्यांना काय सांगू?
आमच्या गावचं मैदान नऊ होलचं, गव्हाच्या शेताला लागून.
ग्रीन म्हणायचं, पण ते हिरवं नाहीच:
तेल पाजलेली काळी वाळू.
फळी ओढून आधी वाट सपाट करायची, मग पटर लावायचा,
आणि जाताना आपल्या पावलांचे ठसे पुसायचे
मागून येणाऱ्यासाठी.
मागून बहुतेक वेळा कोणीच येत नाही.
तरी पुसायचे.
आमच्याकडे हँडिकॅप कोण मोजतो?

सेक्रेटरी म्हणून वेंडेल फ्रीझन आहे, धान्यकोठारावर असतो.
त्याला म्हटलं, दे काहीतरी लिहून.
त्यानं पिठाळ हात पँटला पुसले,
गव्हाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं:
"ओरिसिया ह्नाटिउक. गेली एकोणीस वर्षं ओळखतो.
लांब मारते, पण डावीकडे.
झुडपात एकटी असली तरी फटका मोजते.
मी झुडपामागे होतो, म्हणून माहीत."
खाली सही, आणि शिक्का नव्हता म्हणून
कोठाराचा: ओलावा साडेतेरा टक्के.

ते तसंच पाठवलं.
आठ दिवस झाले, अजून उत्तर नाही.

बसमधला एक पोरगा, पुढच्या सीटवरचा, विचारतो:
तुमच्याबरोबर कोण जाणार?
कोणी नाही.
मग रस्ता कोण सांगणार?
मी आरशातून त्याच्याकडे बघते.
शेवटचं पोर फाटकाशी उतरलं की
तिथून घरापर्यंत बेचाळीस किलोमीटर,
मागे अठ्ठेचाळीस रिकाम्या सीटा खडखडतात,
दोन्ही बाजूंना बर्फ, समोर एक रेघ.
चोवीस वर्षं. रोज.
तुला मोजता येत असेल तर मोज रे, म्हटलं,
किती युरोप झाले ते.

त्यानं खरंच बोटं काढली.
माझ्या थांब्यावर चुकून ब्रेक जरा जोरात लागला.