ठेवणं

चेंडू अजून मारायचा नाही.
रॅकेट तारेच्या कुंपणाला टेकवून ठेवायची,
डावा पाय रेषेमागे, थोडा तिरपा,
आणि नुसता चेंडू वर.
पडू द्यायचा. बघायचं कुठे पडतो.

झांबरे सरांनी पुढच्या पायापासून हातभर अंतरावर
तेलाच्या डब्याचं झाकण मांडलंय.
त्यावर पडला की ठण्ण वाजतं.
आज सकाळपासून दोनदा वाजलं,
त्यात एकदा लिंबोळी होती.

भुसावळला मे महिन्यात साडेपाच ते साडेसहा
एवढाच काय तो आकाशाचा शांतपणा.
नंतर वारा सुटतो, चेंडू कुठल्या कुठे नेतो,
आणि आठ वाजता तर
इन्स्टिट्यूटच्या कोर्टावर कुत्रंही पाय उचलून चालतं.

"अवं, फेकू नको व," सर म्हणतात, "ठेव.
लोणच्याची भरलेली बरणी वरच्या फळीवर ठेवते ना,
तशी ठेव."
फळी कुठंय सर?
"ते तुझं तू पाहाय."

मालगाडीचे गार्ड होते ते, चौतीस वर्षं.
त्यांच्या हातातून चेंडू सुटतो
तो सुटताना दिसतच नाही.
हात वर जातो, थांबतो,
आणि चेंडू आपला निघालेला असतो,
चहाच्या कपात लाट न उठवता सुटलेली गाडी जशी.

माझा डावा हात.
सत्तेचाळीस वर्षं यानं फक्त धरलं.
उजव्यानं शिक्का मारायचा, यानं पावती दाबून धरायची.
उजव्यानं सोलायचं, यानं भरताच्या वांग्याचा देठ,
चटका बसला तरी.
पार्सल ऑफिसात मोठा पंखा फिरतो,
आणि दिवसभर याच्या पंजाखाली कागद असतात,
रावेरची केळी, सावद्याची केळी,
उडू न दिलेले.
सोडणं हेही काम असतं
हे त्याच्या कानावरच आलं नाही कधी.
शेवटच्या क्षणी बोटं आत वळतात,
चेंडूला गिरकी बसते
आणि तो डोक्यामागे जातो,
तिकडून कुणी हाक मारल्यासारखा.

शगुफ्ता म्हणते, खालून मारली तरी चालते गं सर्व्हिस,
नियमात बसतं.
ऑडिट सेक्शनची आहे, नियम तिला पाठ.
अख्ख्या डिव्हिजनात खेळणाऱ्या बायका चार,
त्यातली मी चौथी,
म्हणजे हरलो तरी रनर-अप.
बसत असेल नियमात.
मला वरून मारायचीये.
का, ते तिला सांगता आलं नाही,
घरी कुणी विचारलं नाही.

सत्तर झाले. एकाहत्तर.
खांदा भरून आला.
बहात्तरावा कानामागे, त्र्याहत्तरावा थेट नेटमध्ये,
जे मधोमध झोपलंय आणि केळीच्या सोपटानं बांधलंय.
लव गेलेले चेंडू, टकले,
घामानं ओले.
सर बाकावर बसून शेंगदाणे सोलतायत,
माझ्याकडे बघत नाहीत, झाकण ऐकतायत.

मग एक गेला.
कसा, ते विचारू नका.
बोटं उघडली होती एवढं आठवतं,
आणि हात त्याच्यामागोमाग वर जाऊन
तिथेच राहिला.
चेंडू कडुलिंबाच्या शेंड्याशी आला
आणि क्षणभर
ना वर ना खाली.

कुंपणापलीकडून कोळशाची रिकामी गाडी चालली होती, नाशिककडे,
छपन्न की अठ्ठावन्न डबे,
आणि सगळ्यात शेवटी
ब्रेकव्हॅनच्या दारात उभा असलेला कुणी पोरगेला गार्ड.
त्यानं पाहिलं,
एक बाई पहाटे हात वर करून उभी.
त्यानंही हात वर केला.
हिरवा झेंडा होता त्यात, गुंडाळलेला.

चेंडू झाकणापासून वीतभर लांब पडला,
मातीचा मऊ आवाज.
सरांनी टरफलं झटकली, उठले.
झाकण जरासं सरकवतील वाटलं, नाही सरकवलं.
"हात," म्हणाले,
"इतक्यात खाली घेऊ नको."